मामेभावाचा प्लेस्टेशन, भावाचा एक्सबॉक्स

प्रश्न थोडक्यात: इंदूरच्या लोकमान्यनगर भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय २९, बँकेत नोकरी. सोसायटीच्या गणेशोत्सवात तरुण मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. यंदा मुलांनी कार रेसिंग गेमची स्पर्धा मागितली, आणि तिथेच सोसायटीत दोन तट पडले. 'ग्रॅन टुरिस्मो ७'वाले म्हणजे प्लेस्टेशनचे, 'फोर्झा'वाले म्हणजे एक्सबॉक्सचे (टीव्हीला जोडून गेम खेळायची ही दोन कंपन्यांची यंत्रं, म्हणजे कन्सोल). पहिल्या तटाचा म्होरक्या ताईंचा मामेभाऊ, दुसऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. मामेभावाला बारावीच्या निकालानंतर मामांनी पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेऊन दिला. भावाने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एक्सबॉक्स सीरीज एस घेतला. जूनमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद चढला, मामेभाऊ भावाच्या एक्सबॉक्सला 'स्वस्तातला डबा' म्हणाला, आणि तेव्हापासून दोघांत अबोला आहे. दर रविवारी सकाळी आत्याकडे पोहे खायला येणारा मुलगा आता येत नाही. ताई विचारतात: "कोणता गेम ठेवू? एक ठेवला की दुसरा दुखावणार. स्पर्धाच रद्द करू का? आणि खरं सांगा, दोन्हींत चांगला कोणता?"

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण मला सगळ्यात जास्त तीच जाणवली. एकाला कन्सोल बक्षीस म्हणून मिळाला, दुसऱ्याने शिकवण्यांच्या पैशांतून घेतला. भांडण फोर्झाचं आहे असं सगळे म्हणताहेत. पण तुमचा भाऊ 'डबा' या शब्दाने दुखावला आहे, आणि तो शब्द गेमबद्दल नव्हता. पीएस५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. सीरीज एस २०२० च्या नोव्हेंबरात ३४,९९० ला आला. आपल्याकडच्या घरांत यांपैकी एकच वस्तू येते आणि ती निदान पाच-सहा वर्षं चालवायची असते. मग जो गेम त्यावर चालतो तोच चांगला, हे स्वतःला पटवावं लागतं, आणि दुसऱ्यालाही. अशा वादात मुलगा गेमपेक्षा घरातून गेलेल्या पैशांची बाजू जास्त मांडत असतो.

म्हणून स्पर्धेच्या आधी एक काम करा, आणि ते दोघांशी वेगवेगळं करा. मामेभावाला सांगा की जीटी (ग्रॅन टुरिस्मो) सरस आहे या मतावर त्याने खुशाल ठाम राहावं, पण 'डबा' हा शब्द त्याने मागे घ्यायचा. ग्रुपवर नको, भावाला समोर भेटून. भावाला सांगा की माफी आली तर ती तेवढ्याच शब्दाची असेल, फोर्झा श्रेष्ठ असल्याची कबुली त्याने मागायची नाही. मामांना किंवा तुमच्या आईला यात आणू नका. मोठी माणसं मध्ये पडली की मुलांची गोष्ट दोन घरांची होते.

आता 'चांगला कोणता'. या प्रश्नात एक घोळ आहे आणि तुमच्या ग्रुपवरचा निम्मा वाद त्यातूनच निघाला असावा. फोर्झा नावाचे दोन वेगळे गेम आहेत. 'फोर्झा मोटरस्पोर्ट' बंद सर्किटवरच्या शर्यतींचा, टर्न टेन स्टुडिओचा. 'फोर्झा होरायझन' मोकळ्या नकाशावर भटकण्याचा, ब्रिटनच्या प्लेग्राउंड गेम्सचा. त्यातला पाचवा मेक्सिकोत घडतो आणि २०२१ मध्ये आला. जीटी ७ ची तुलना होऊ शकते ती मोटरस्पोर्टशी. कोणी होरायझनमध्ये डोंगरावरून गाडी उडवताना पाहिली आणि 'फोर्झा म्हणजे खेळणं' म्हणाला, तर तो पोह्यांची तुलना जिलबीशी करतो आहे. ताटात दोन्ही शेजारी असतात म्हणून पदार्थ एक होत नाही. ग्रुपवर पुढच्या वेळी वाद निघाला की आधी एवढंच विचारा: कोणता फोर्झा?

राहिली खरी तुलना. पहिला ग्रॅन टुरिस्मो डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आला. त्याचे कर्ते काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या चमूने (पुढे तिची पॉलिफोनी डिजिटल कंपनी झाली) खऱ्या कंपन्यांच्या गाड्या, लायसन्सच्या परीक्षा, जुनी गाडी घेऊन ती हळूहळू सुधारत नेणं, असा साचा घातला. फोर्झा मोटरस्पोर्ट २००५ मध्ये तोच साचा समोर ठेवून आला आणि तेव्हाच्या जीटी ४ मध्ये नसलेल्या गोष्टी घेऊन आला: धडक बसल्यावर गाडीचं नुकसान, ऑनलाइन शर्यत, गाडीवर आपल्या हाताने नक्षी रंगवायची सोय. जीटीत गाडी चेमटायला २०१० चा जीटी ५ यावा लागला, आणि नक्षी रंगवायची सोय २०१७ च्या जीटी स्पोर्टमध्ये आली. उलट बाजूही आहे. जीटी अकादमी या गेमवरच्या निवड स्पर्धेतून घरी बसून खेळणारी मुलं खऱ्या शर्यतीत उतरली. २००८ चा विजेता लुकास ऑर्डोनेझ २०११ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. असं फोर्झाच्या खात्यावर काही नाही.

आपल्या इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, एकापाठोपाठ एक निघतात. आपल्या मिलची झाँकी उजवी ठरावी म्हणून कामगार रात्री जागत आले, पण रस्त्यावर उभा राहणारा इंदुरी माणूस सगळ्या झाँक्या बघून मगच घरी जातो. या दोन गेमचंही तसंच झालं. तुमच्या भावाला आज जीटीत जे आवडेल त्यातलं बरंचसं फोर्झाच्या धाकाने आलं आहे, आणि मामेभावाला फोर्झात जे ओळखीचं वाटेल ते जीटीने घालून दिलेलं आहे.

उणिवाही दोघांच्या सांगते, म्हणजे कोणा एकाला मिरवता येणार नाही. जीटी ७ ला जवळपास प्रत्येक गोष्टीसाठी इंटरनेट लागतं. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर सर्व्हर एक दिवसाहून जास्त बंद होते आणि विकत घेतलेला गेम लोकांना नीट खेळता येत नव्हता. फोर्झा मोटरस्पोर्टच्या २०२३ च्या आवृत्तीतही करिअर ऑनलाइनच आहे, आणि तिने एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय काढून टाकली. जीटी ७ मध्ये ती आहे.

तेव्हा स्पर्धा रद्द करू नका. गेमही एक निवडू नका, दोन्ही ठेवा. पण 'जीटीवाल्यांची' आणि 'फोर्झावाल्यांची' अशा दोन वेगळ्या स्पर्धा मात्र घेऊ नका, त्याने तट पक्केच होतील. प्रत्येकाने दोन्ही गेम खेळायचे आणि दोन्हींचा मिळून एकच निकाल लावायचा. हे कसं जमवायचं ते सविस्तर सांगते, कारण अशा स्पर्धा तपशिलात बिनसतात.

सर्किट अमेरिकेतलं 'लगुना सेका' घ्या आणि गाडी होंडा सिव्हिक टाइप आर. ही दोन्ही जीटी ७ मध्येही आहेत आणि २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्येही. लगुना सेका ३.६ किलोमीटरचं आहे, वळणं अकरा. सिव्हिकचा ओढा पुढच्या चाकांना असल्याने नवखा खेळाडूही ती गरकन फिरवून बसत नाही. फार तर वळणात गाडी बाहेरच्या बाजूला पसरते. गाडी दोन्हीकडे कंपनीतून आल्यासारखी ठेवा, टायर किंवा सुटे भाग काही बदलायचे नाहीत. जीटी ७ मध्ये एक खोच आहे. तिथे गाडीचं इंजिन ऑइल जुनं होतं आणि ताकद घटते. मामेभावाच्या गॅरेजमधली खूप फिरवलेली सिव्हिक असेल तर स्पर्धेच्या सकाळी जीटी ऑटोमध्ये (गेममधल्या गॅरेजवर) ऑइल बदलून घ्या, नाहीतर नवीनच घ्या.

जीटीत 'टाइम ट्रायल' लावा, फोर्झात 'फ्री प्ले'मध्ये एकट्याने फेऱ्या मारा. इतर गाड्या नकोत. धक्काबुक्की झाली की निकालावर वाद होतो. मदतीच्या सेटिंग्ज सगळ्यांना सारख्या: एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी मदत) चालू, ट्रॅकवरची मार्गरेषा चालू, स्टॅबिलिटी आणि आपोआप स्टीअरिंग वळवणारी मदत बंद. गिअर ऑटोमॅटिक की मॅन्युअल, हे ज्याचं त्याने ठरवावं. फोर्झात मागे जायचं 'रिवाइंड' बंद करायला विसरू नका. जीटीत ते नसतंच, त्यामुळे फोर्झावाल्यांना एक चूक पुसता आली असा आरोप नक्की होईल. टायर झिजणं आणि इंधन संपणं दोन्हीकडे बंद. ट्रॅकची हद्द सोडून मारलेली फेरी गेमच बाद दाखवतो, तोच निकाल माना.

स्टीअरिंग व्हील नको, सगळ्यांनी कंट्रोलरवर. कोणाकडे लॉजिटेकचं जी२९ असेल आणि तो आग्रह करेल. पण जी२९ प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरवर चालतं, एक्सबॉक्सवर चालत नाही. त्याच्या जोडीचं एक्सबॉक्सवालं जी९२० वेगळं आहे. व्हीलला घट्ट पकडायला जड लाकडी टेबल लागतं, आणि ब्रेक जोरात दाबला की पेडल फरशीवर सरकतात. हा खेळ पुन्हा कधीतरी निवांत, घरी. प्रत्येक कन्सोलला एकच कंट्रोलर ठरवा आणि सगळ्यांनी तोच वापरायचा. आदल्या दिवशी त्याची अंगठ्याने फिरवायची काडी हात न लावता सोडून बघा. मेनूमध्ये निवड आपोआप सरकत असेल तर काडी बिघडली आहे, तो कंट्रोलर बाजूला ठेवा.

आता टीव्ही. बहुतेक मंडळांत बाकी सगळं जमतं आणि इथे घोटाळा होतो. साधा टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंत सेकंदाचा दहावा भागही जाऊ शकतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण सिव्हिक दीडशेच्या वेगाने वळणावर येत असेल तर ती सेकंदाला जवळपास ४२ मीटर जाते. म्हणजे दहाव्या भागात चार मीटर, साधारण गाडीच्या लांबीएवढं. ब्रेक दाबला आणि गाडी एक लांबी पुढे जाऊन थांबायला लागली, तर मुलगा म्हणणार, 'हा गेमच खराब'. दोन्ही टीव्हींच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा, आणि शक्य असेल तर दोन्ही टीव्ही एकाच मॉडेलचे घ्या. मांडवातला प्रोजेक्टर किंवा मोठी एलईडी भिंत खेळायला देऊ नका. प्रेक्षकांना दाखवायची असेल तर खेळाडूसमोर वेगळा टीव्ही ठेवून स्प्लिटरने चित्राला फाटा काढून ते तिकडे न्या. ब्लूटूथ स्पीकरही नको. त्यात आवाज जरा उशिरा येतो, आणि मॅन्युअल गिअरवाली मुलं इंजिनच्या आवाजावर गिअर टाकतात. तारेचा स्पीकर लावा.

वीज आणि नेट. भाद्रपदात पाऊस असतो आणि मांडवाची लाइन आरती, दिवे आणि साउंडच्या भाराने दबलेली असते. एका कन्सोलला जास्तीत जास्त साधारण २०० वॉट आणि ४३ इंची टीव्हीला १०० वॉटच्या आसपास लागतात. प्रत्येक जोडीला ६०० व्हीएचा एक यूपीएस दिला की दिवे गेल्यावर नीट बंद करायला काही मिनिटं मिळतात. शक्यतो मांडवात न घेता सोसायटीच्या हॉलमध्ये घ्या. दोन्ही गेम शंभर जीबीच्या आसपासचे आहेत आणि अपडेटही लहान नसतात, म्हणून डाउनलोड आदल्या रात्री घरच्या वायफायवर उरकून टाका. भावाच्या सीरीज एसमध्ये डिस्क घालायची सोयच नाही, तेव्हा कोणी मित्र फोर्झाची डिस्क आणतो म्हणाला तरी उपयोग नाही. गेम त्याच्या खात्यात डिजिटल असायला हवा, किंवा गेम पासमध्ये (एक्सबॉक्सच्या वर्गणीच्या सेवेत) आहे का ते आधी पाहा. स्पर्धेच्या वेळी मोबाइल हॉटस्पॉट पुरतो, पण संध्याकाळच्या आरतीला गर्दीने टॉवर गुदमरतो. म्हणून वेळ दुपारची ठेवा.

किती मुलं बसतील? सिव्हिकला एक फेरी साधारण पावणेदोन मिनिटांची धरा. प्रत्येकाला एक सरावाची आणि तीन मोजायच्या, म्हणजे सात मिनिटं, आणि उठबशीला एक. दोन कन्सोल शेजारी शेजारी चालू असतील तर २४ मुलांचा एकेक गेम (निम्मी एका कन्सोलवर, निम्मी दुसऱ्यावर) जवळपास १०० मिनिटांत पुरा होतो, पण दोन्ही गेम खेळायचे म्हणून सगळं मिळून सव्वातीन तास धरा. त्याहून जास्त नावं आली तर सकाळी एकच मोजकी फेरी घेऊन पात्रता लावा. आठ-दहा वर्षांच्या लहानांना यात घुसडू नका. त्यांना शेवटी अर्धा तास जीटी ७ वर टीव्ही दोन भागांत वाटून आपसात खेळू द्या. त्यासाठी जीटी का, हे भावाला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटेल ताईने शेवटी झुकतं माप दिलं.

निकालाची रीत महत्त्वाची. जीटीतली आणि फोर्झातली वेळ एकमेकींशी थेट ताडून बघू नका. दोघांचं टायरचं आणि वजनाचं गणित वेगळं आहे, त्यामुळे तीच गाडी त्याच ट्रॅकवर एकीकडे दोन सेकंद जलद असू शकते आणि त्यावरून गेमबद्दल काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक गेममध्ये त्या दिवसाची सर्वांत जलद फेरी शून्य धरा आणि बाकीचे तिच्यापासून किती टक्के मागे आहेत ते लिहा. दोन्ही गेमचे टक्के मिळवा. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकला. समजा जीटीत पहिल्या मुलाने १ मिनिट ४० सेकंदांत फेरी मारून सर्वोत्तम नोंदवली, तो शून्यावर. फोर्झात सर्वोत्तम १ मिनिट ४२ सेकंदांची आहे आणि याला १ मिनिट ४५ लागले, म्हणजे २.९४ टक्के. दुसरा मुलगा जीटीत १ मिनिट ४१.५, म्हणजे दीड टक्का. फोर्झात १ मिनिट ४३, म्हणजे ०.९८. त्याची बेरीज २.४८. तो एकाही गेममध्ये पहिला आला नाही, तरी स्पर्धा त्याने जिंकली. मोबाइलमधल्या एक्सेल शीटमध्ये हे आधी भरून ठेवा आणि भिंतीवर दाखवा, म्हणजे प्रत्येकाला आपली बेरीज कशी झाली ते दिसेल. या पद्धतीत फक्त आपल्याच गेमवर घासून घेतलेला मुलगा मागे पडतो. त्यामुळे स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मुलं आपोआप समोरच्या गटातल्या कोणाच्या तरी घरी सरावाला जातील. मला तेच हवं आहे.

ग्रुपवर मात्र एक नियम आजच टाका. 'माझी वेळ इतकी' म्हणायचं असेल तर पूर्ण फेरीचा व्हिडिओ आणि सेटिंगच्या पडद्याचा फोटो लावायचा. पीएस५ च्या कंट्रोलरवर क्रिएट बटण आहे, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर शेअर बटण. पुरावा मागितला की मोठमोठे दावे निम्म्याने कमी होतात आणि शब्दही जरा जपून वापरले जातात.

गणेशोत्सव संपल्यावरचंही पाहून ठेवा. होरायझन ५ एप्रिल २०२५ पासून पीएस५ वरही आला आहे. मामेभावाने तो घेतला, मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं, आणि दोघांकडे ऑनलाइन खेळायची वर्गणी असली, तर हा आपल्या घरून आणि तो त्याच्या घरून एकाच ताफ्यात मेक्सिकोच्या रस्त्यांवर फिरू शकतात. कन्सोल वेगळे असले तरी चालतं.

आणि स्पर्धेच्या दिवशी पहिली जोडी या दोघांचीच लावा. मामेभाऊ एक्सबॉक्ससमोर, भाऊ पीएस५ समोर, खुर्च्या शेजारी शेजारी, दोन्ही बिनचाकांच्या, कारण चाकांची खुर्ची ब्रेक मारताना अंगाच्या झोकाने मागे जाते. लगुना सेकात आठवं वळण म्हणजे कॉर्कस्क्रू. तिथे रस्ता चढावर संपल्यासारखा दिसतो आणि मग एकदम डावीकडे आणि खाली जातो, सुमारे अठरा मीटर. नवखा माणूस वर पोचल्यावर ब्रेक मारतो आणि गाडी सरळ मातीत जाते. चढ सुरू असतानाच, टोक दिसायच्या आधी ब्रेक मारून संपवायला हवा. पण नेमका कुठे, हे प्रत्येक गेममध्ये थोडं वेगळं आहे. सरावाच्या फेरीत ते ज्याचं मशीन आहे त्यानेच शेजारच्याला सांगायचं, असा नियम तुम्ही समितीच्या वतीने सगळ्या जोड्यांसाठी करून टाका.